तळघरातली सकाळ

२ फेब्रुवारी

नोकरी मिळाली आणि तिच्यासोबत राहायला खोलीही मिळाली. एका दगडात दोन पक्षी, आणि तेही मला, ज्याचा नेम आयुष्यात कधी लागला नाही! संशोधन केंद्राच्या तळघरात दोन खोल्यांचं एक घर बांधलंय. खिडकी नाही, घड्याळ नाही, बाहेरचा आवाज नाही. त्या घरात एक बाई दीड महिना राहणार आणि मी भिंतीपलीकडच्या छोट्या खोलीत. माझं काम म्हणजे त्यांची सकाळ उगवून आणायची आणि दिवस मावळवायचा. दिव्यांचा उजेड कमीजास्त करायची मूठ हळूहळू फिरवायची, जेवण गरम करून द्यायचं, छातीवरच्या वायरी नीट चिकटल्यात का ते बघायचं, एवढंच. आईला फोन केला. मी उजाडायच्या आत उठून दुसऱ्याची सकाळ करणार, हे ऐकून ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मुलाखतीत मी सांगितलं होतं की मी कोंबड्याच्या आधी उठतो. आधीच्या दोन नोकऱ्या कशाने गेल्या ते कोणी विचारलं नाही.

४ फेब्रुवारी

हा प्रयोग चालवणाऱ्या डॉक्टर बाईंनी नियम समजावले. तळघरात यायला एकामागे एक दोन दारं आहेत, घड्याळ, मोबाईल बाहेरच्या दारापलीकडेच ठेवायचा. आतल्या माणसासमोर जांभई द्यायची नाही. दाढी वाटेल तेव्हा करायची, रोज एका वेळी नाही, कारण गालावरचे खुंट बघूनही माणूस वेळ ओळखतो. वेळ बघायची असेल तर दोन्ही दारं ओलांडून वरच्या जिन्यापाशी जायचं, तिथे भिंतीवर एकच घड्याळ आहे. मला उठवायला उशीखाली एक थरथरणारी चकती दिली आहे.

मग त्यांनी विषय सांगितला. शरीरातल्या प्रत्येक पेशीत वेळ पाळणारे काही जीन असतात. ते एक प्रथिन बनवायला लावतात, ते साठत गेलं की तेच जीन बंद पडतात, प्रथिन विरतं, पुन्हा सुरू. अशी एक फेरी म्हणजे जवळजवळ एक दिवस. कोणाची फेरी थोडी आखूड, कोणाची लांब. मेंदूतलं घड्याळ उजेड बघून पटकन सरकतं, हृदयातलं मात्र मागून रेंगाळत येतं. पहाटे हृदय आपणहून वेग वाढवतं, दाबही चढतो, म्हणून झटके सकाळी जास्त येतात. मी मान डोलावत होतो. सगळं कळलं असं नाही, पण आवडलं.

आत राहणाऱ्या बाईंना सगळे भट्टीवाल्या काकू म्हणतात. बेकरीची भट्टी पेटवण्यात त्यांची सगळी उमर गेली, रोज काळोखात उठून. त्यांचे वडील आणि थोरले भाऊ दोघेही पहाटेच हृदयाने गेले. आपल्यातही तेच दडलंय का, हे त्यांना कळायला हवंय. तपासणीत सध्या तरी हृदय ठणठणीत निघालं. मला म्हणाल्या की बाळा, आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्याआधी उठून दिवा लावणार, मजा आहे.

९ फेब्रुवारी

आज उशीर झाला. थोडाथोडका नाही. चकती थरथरली असणार, कारण जाग आली तेव्हा ती माझ्या पोटाशी होती. धावत जिन्यापाशी गेलो, घड्याळ बघितलं आणि कान तापले. खाली येऊन दिवे लावले. माझ्या खोलीतल्या भिंतीवरच्या फोनवर डॉक्टर बाईंचा नेहमीचा फोन आला, दिवे वेळेवर ना? तोंडातून निघून गेलं, हो, वेळेवर.

मग दुपारभर मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकूंचा दिवस लहान होऊ नये म्हणून रात्रही तेवढीच उशिरा केली. चोरी एकदा केली की ती नीट लावून ठेवावी लागते. त्यांना आत काहीच कळलं नाही. जेवणाला छान म्हणाल्या.

१३ फेब्रुवारी

रोज थोडं थोडं पुढे जातंय. रात्र उशिरा केली की मीही उशिरा झोपतो, मग उठतोही उशिरा. मागे खेचायला जावं तर अंग ऐकत नाही. काकूंची सकाळ आता बाहेरच्या लोकांच्या जेवणाच्या सुमारास होते. आत कॅमेरा नाही, काकूंनीच नको म्हटलं होतं. वर फक्त हृदयाचा आणि अंगाच्या तापमानाचा आलेख जातो.

आणि तो आलेख बघून डॉक्टर बाई हरखून गेल्या आहेत. दिवे रोज एकाच वेळी लागत असूनही या बाईंचं हृदय रोज पुढे सरकतंय, एवढी लांब फेरी त्यांनी कधी पाहिली नव्हती. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या की तुझ्यासारखा वक्तशीर माणूस मिळाला म्हणून हे दिसलं. मी हसलो. तोंड लपवायला जागा असती तर तिथेच लपवलं असतं.

१७ फेब्रुवारी

माझ्या खोलीत एक स्पीकर आहे, त्यावर काकूंचे ठोके ऐकू येतात. वायर सुटली तर कळावं म्हणून. आज एक गोष्ट लक्षात आली. मला जाग आली की ठोके वाढतात. दिवे लावल्यावर नाही. त्याच्या आधी. मी डोळे उघडले की लगेच.

काकू म्हणाल्या की हल्ली त्या झोपेत असतानाच छातीतलं उठून बसतं, कोणाची तरी वाट बघितल्यासारखं. त्यांचा चेहरा उतरलाय. विचारत होत्या की नातवाचा वाढदिवस होऊन गेला का. सांगायचं नसतं. मी नियमाच्या आड लपलो.

२१ फेब्रुवारी

काकूंच्या रक्ताचा अहवाल आला. जीन अगदी सर्वसाधारण. फेरी लांब वगैरे काही नाही. डॉक्टर बाई चक्रावल्या आहेत. मग हृदय असं का वागतंय?

मला कळलं. जिन्यावरच बसलो. लांब फेरी माझी आहे. आई आळशी म्हणायची, आधीच्या नोकऱ्यांतले साहेब कामचोर म्हणायचे, ते सगळं खरं असो नसो, ते माझ्या अंगात होतं आणि माझ्या अंगातच राहायला हवं होतं. मी ते दिव्यांच्या मुठीतून त्या बाईच्या छातीत घातलं. त्यांचं चांगलं हृदय माझ्या तालावर चालतंय. आजच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि डॉक्टर बाईंनी विचारलं, दिवे वेळेवरच ना. मी हो म्हणालो.

२४ फेब्रुवारी

परवा पहाटे डॉक्टर बाई स्वतः खाली येणार, केंद्राच्या मोठ्या साहेबांना घेऊन, दिवे लागताना बघायला. पाणी गळ्याशी आलं.

दोन मार्ग आहेत. कबूल करणं, किंवा सगळा उशीर एका रात्रीत भरून काढणं. पहिला मार्ग सोपा आहे, कोणालाही सुचेल.

२५ फेब्रुवारी

रात्रभर डोळा लागू दिला नाही. काकू नुकत्याच झोपल्या होत्या. मी मूठ फिरवली. हळूहळूसुद्धा नाही, वेळ नव्हता. एकदम लख्ख.

त्या उठल्या. भिंत धरून उभ्या राहिल्या. ओठ काळसर. मी चहा दिला. म्हणाल्या की डोळ्यांना सकाळ वाटते, पण आत अजून मध्यरात्र आहे रे, काहीतरी चुकतंय का? मी म्हणालो, नाही काकू, सगळं नीट आहे. त्या बिचाऱ्या सॉरी म्हणाल्या. मला.

त्यांनी माझी माफी मागितली.

नंतर, त्याच दिवशी

ठोके विचित्र येतायत. एक घाईचा, एक सावकाश. जणू दोघं चालतायत आणि पावलं जुळत नाहीत. वर आलेख दिसत असेलच की. कोणीतरी बघेल. मी सांगायची गरज —

नाही, गरज आहे. फोन उचलला. ठेवला.

संध्याकाळी दिवे मंद केले. काकू झोपल्या नाहीत. दारापाशी बसून आहेत, पलीकडून श्वास ऐकू येतो.

२६ बहुतेक

बसल्या बसल्या डोळा लागला माझा. जाग आली ती शांततेने.

स्पीकर गप्प. वायर सुटली तर खरखर येते. खरखर नाही.

आत जायला हवं. 

फोन वाजला. डॉक्टर बाई. जिन्यावर आहेत, येतायत, वरचा आलेख सपाट दिसतोय, मशीन बिघडलंय का. दिवे लावलेस ना वेळेवर? आणि मी — देवा, मी अजूनही — वेळेवर, म्हणालो.

ठेवला.

आता ठोके. स्पीकरमधून नाही. काकूंच्या दारावर, आतून. एक घाईचा, एक सावकाश —

माझी छाती त्यांच्यासोबत. हात लावून बघितला. तसाच. एक घाईचा, एक —

काकूंचा आवाज. अगदी मायेने विचारतायत, उठलास का बाळा.

झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला नाही. गप्प पडून राहतो. डोळे मिटून. त्यांना वाटेल मी अजून झो —