ओल्या सपाता

नाझा,

सकाळी घरात घालायच्या तुझ्या बाबांच्या सपाता धुऊन दाराबाहेर पायरीवर वाळत घातल्या होत्या. शेजारची हायरा दुखवट्याची कॉफी-साखर घेऊन रडतच आली. "अगं बये, मेलेल्याच्या सपाता बाहेर ठेवतात! मला वाटलं, गेला तुझा नवरा!" मी पोट धरून हसले.

ती गेली आणि खाणीतून फोन आला. बोगदा खचलाय, बाबा आतच आहेत. मी तिकडे निघालेय.

ओव्हनमध्ये पालकाची पिटा आहे, खाऊन घे. हायराच्या कॉफीचा पुडा फोडू नकोस. सपाता ओल्याच उचलून चुलीपाशी ठेवल्यात. बायका जमतील, काहीबाही सांगतील. मी येईपर्यंत सपाता कुणालाही बाहेर नेऊ देऊ नकोस.

आई