कवडीच्या डोळ्यात काटा नव्हता

मामा, रामराम.

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. पंगती उठल्या, पाहुणे आपापल्या गाड्यांनी गेले, आणि मामी ओसरीवर माझ्यासमोर येऊन बसल्या. त्यांनी तुमच्याबद्दल एक गोष्ट सांगितली. ती ऐकल्यापासून तुमच्याशी कडाकडा भांडावंसं वाटतंय आणि तुमच्या पायावर डोकंही ठेवावंसं वाटतंय. दोन्हीला तुम्ही उरला नाहीत! आज चाकूरच्या दुकानात लोकांच्या जळालेल्या मोटारी रिवायंडिंगसाठी पडून आहेत, आणि मी शटर अर्धं ओढून तुम्हाला पत्र लिहून राहिलोय.

पाखऱ्या तुम्हीच दिला होता मला, आठवतं? माझं लग्न कुठंच जुळत नव्हतं त्या वर्षी. कुत्र्याचं दीड महिन्याचं पिल्लू माझ्या मांडीवर ठेवून तुम्ही म्हणालात, "भाचेराव, बायको मिळंस्तोर याला सांभाळा. निदान घरी कुणीतरी वाट बघंल." मामी पदराआड हसत होत्या. मी रागावलो होतो, पण मोटारसायकलवर त्याला शर्टात घालूनच गावी आलो.

तुमच्या कारवानी कुत्र्यांसाठी लोक कुठून कुठून यायचे! लांबट तोंड, आत ओढलेलं पोट, धनुष्यासारखी पाठ. पूर्वी सशामागं सुटणारी ही जात. शिकारीला बंदी आल्यावर तुम्ही शिकार सोडली, पण रान मोकळं झालं की शर्यतीला मात्र न चुकता जायचात. पिल्लू बघायला आलेल्या माणसासमोर तुम्ही त्याच्या छातीखाली पंजा धरायचात, दात बघायचात, पायाची बोटं एकेक दाबायचात. "नसल कागदावर नसती, हातात लागती," म्हणायचात. आणि मग हळूच सांगायचात, "कवडीच्या घरातलं हाय." कवडी म्हणजे तुमची जुनी पांढरी कुत्री. तिचं नाव ऐकलं की माणूस दुसरं काही विचारायचा नाही.

कवडी आंधळी झाली ते मला पहिल्यापासून माहीत होतं. बाभळीचा काटा लागला, असं सगळं गाव म्हणायचं. मामा, दोन्ही डोळ्यांत काटा कसा लागेल? इतक्या वर्षांत हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. मी जळालेली मोटार खोलून तिच्यात कुठं काय बिघडलं ते सांगणारा माणूस!

पाखऱ्या मोठा झाला आणि माझं डोकं फिरलं. दोन शर्यती मारल्या त्यानं. तेव्हा तुमच्याकडं सुंदी होती, कवडीची सगळ्यात धाकटी लेक. पाखऱ्या हा कवडीच्या मुलाचा मुलगा. मला वाटलं, या दोघांचं लावलं तर जे पिल्लू निघेल त्याला मराठवाड्यात तोड नसेल. तुम्हाला विचारलं, तर तुम्ही वैरण टाकता टाकता म्हणालात, "त्या दोघांचं लावायचं न्हाई."

"का पण?"

"न्हाई म्हणलं ना."

एवढंच. मागं वळूनही बघितलं नाहीत. मला वाटलं, मामाला माझ्या कुत्र्याचा हेवा वाटून राहिला. असं वाटणारा भाचा होतो मी.

पुढं सुंदी माजावर आली आणि नेमकं तुम्हाला नांदेडला लग्नाला जावं लागलं. सुंदीला गोठ्याशेजारच्या खोलीत कोंडून किल्ली तुम्ही माझ्या हातात दिलीत. "दोन दिस लक्ष ठेव." दुसऱ्या दिवशी भर दुपारी, मामी रानात गेल्यावर, मी पाखऱ्याला घेऊन आलो आणि कुलूप काढलं.

तुम्ही परत आलात तेव्हा मी म्हणालो, "दार उघडं राहिलं मामा. पाखऱ्या शिरला आत." तुम्ही सुंदीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "बरं," म्हणालात आणि हातपाय धुवायला गेलात. एक थोबाडीत का नाही मारलीत? त्या "बरं"चा मला किती राग आला होता, आणि किती हलकंही वाटलं होतं!

पाच पिल्लं झाली. त्यातली एक मी घेतली. स्वतःभोवती गरगर फिरायची म्हणून तिला भिंगरी म्हणू लागलो. काय पळायची, मामा! तुम्ही स्वतः बांधावर उभं राहून टाळ्या वाजवल्यात तिला. पण उचलून कधी घेतलं नाहीत. हे मला आत्ता लिहिताना आठवतंय.

भिंगरी सव्वा वर्षाची असेल. दिवेलागणीला अंगणातल्या बादलीला धडकायला लागली. मी हसायचो. पायरी चुकायची, तर म्हणायचो, मस्ती आली हिला. मग ती हरभरा काढलेल्या रानातली शर्यत. सकाळची वेळ, लख्ख ऊन. चार कुत्री सुटली, भिंगरी सगळ्यांच्या पुढं. रानाच्या टोकाला वेचून टाकलेल्या दगडांचा ढीग होता. मागची तिन्ही कुत्री त्याला वळसा घालून गेली. भिंगरी सरळ गेली. तो आवाज तुम्हीही ऐकलात.

खांदा मोडला तिचा. लातूरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी आधी खांदा बांधला आणि मग तिच्या डोळ्यात बॅटरी धरून बराच वेळ बघत राहिले. "हिला दिसत नाही," ते म्हणाले. "डोळ्याचा आतला पडदाच सुकत चाललाय. यावर औषध नाही." मी विचारलं, मार लागून झालं का? तर म्हणाले, "नाही, हे रक्तातून येतं. एकाच बाजूनं आलं तर दोष वर येत नाही, पिल्लू चांगलं राहतं. आई आणि बाप दोघांकडून आलं की पिल्लू आंधळं होतं. आणि जे चांगलं दिसतं तेही पुढच्या पिढीत नेऊ शकतं. हिचे आईबाप नात्यातले आहेत का?"

मी "हो" म्हणालो. तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात. तुमचा चेहरा कसा झाला होता! मला वाटलं, भिंगरीसाठी. महिन्याभरात तिच्या एका भावाचंही तसंच झालं. पाचातली दोन.

तुम्ही भिंगरीला माझ्याकडून मागून घेतलंत. विहिरीला कठडा नव्हता, म्हणून सभोवती दहा पावलांवर जाड मुरूम अंथरलात आणि तिला दोरीनं धरून रोज त्याच्यावरून फिरवलंत. पायाला मुरूम लागला की मागं फिरायचं, हे तिला तुम्ही शिकवलंत. आठ-दहा दिवस दुसरं काही काम केलं नाही. मी बघायला आलो तर म्हणालात, "पोरीला वाट कळली." आणि मग माझा हात धरून तिच्या डोक्यावर ठेवलात. "पाखऱ्याला आता कुठंच लावू नको. शपथ घे."

घेतली.

मामा, ती मी मोडली. सहा महिनेसुद्धा पाळली नाही. उमरीचे गंगाधरराव आपली कुत्री घेऊन आले, पाखऱ्याभोवती तीनदा फिरले आणि म्हणाले, "असा नर आमच्याकडं न्हाई हो, लई नाव ऐकून आलो." तेवढ्यानं मी विरघळलो. मनाला सांगितलं, दोष दोन्हीकडून यावा लागतो, यांची कुत्री तर परक्या घरातली आहे, काय होतंय? भिंगरीबद्दल त्यांना एक शब्द बोललो नाही. आणि चार पिल्लं झाल्याचा त्यांचा फोटो आला तेव्हा मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू?

त्याच आठवड्यात तुम्हाला लकवा मारला.

दवाखान्यात तुमची उजवी बाजू गेलेली, जीभ जड झालेली. मी तुमच्या पायाला तेल लावत होतो. तुम्ही विचारलंत, "लावलास का रं कुठं?" मला काय ते लगेच कळलं. "न्हाई मामा," मी म्हणालो. तो फोटो माझ्या खिशातल्या फोनमध्ये होता. तुम्ही डोळे मिटलेत, मग पुन्हा उघडलेत. "कवडी..." म्हणालात, आणि पुढचं जुळेना. मला वाटलं, जुनी कुत्री आठवली. मी म्हणालो, "झोपा आता." तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

तुम्ही सांगायला निघाला होतात ना? आणि मी तुम्हाला झोपा म्हणालो!

काल पंगत चालू असताना गंगाधररावांचा फोन आला. त्यांनी घरी ठेवलेली पाखऱ्याची लेक आता माजावर येईल, तिला परत पाखऱ्यालाच लावू म्हणाले, म्हणजे नसल पक्की होईल. लेक बापाला! मी चुळबुळत "पाखऱ्याला त्याचीच लेक? बघू, बघू" म्हणालो. ते मामींनी ऐकलं. म्हणून त्या माझ्यासमोर येऊन बसल्या.

"बालाजी, कवडीच्या डोळ्यात काटा न्हवता."

मी हातातला फोन खाली ठेवला.

"पाचव्या वर्षी तिला दिसायचं बंद झालं. आपोआप. तवर तिची पिल्लं गावोगाव गेलेली. तुझ्या मामानं काट्याचं सांगितलं लोकायला."

"का पण, मामी?"

"लाज वाटली. कवडीच्या नावावर तर माणसं येत होती दारात. तिला पुन्हा लावली न्हाई. घरातल्या घरात कुणाचं कुणाशी लावायचं न्हाई, येवढं आपल्यापुरतं सांभाळलं. वाटलं, निभंल." मग त्या म्हणाल्या, "भिंगरीला डॉक्टरकडून आणलं त्या दिशी जेवले न्हाईत ते. म्हणले, पोराला का न्हाई सांगितलं मी."

का नाही सांगितलंत, मामा? "न्हाई म्हणलं ना" याच्याऐवजी "कवडी आंधळी झाली होती" एवढं म्हणाला असतात तर मी कुलूप काढलं असतं का? मी छातीवर हात ठेवून "नाही" म्हणायला बघतो आणि मला ते म्हणता येत नाही. डॉक्टरांनी सगळं उलगडून सांगितल्यावर मी काय केलं? ते तर तुम्ही लपवलेलं नव्हतं.

मी तिथूनच, ओसरीवरून, गंगाधररावांना फोन लावला. भिंगरीचं सांगितलं, तिच्या भावाचं सांगितलं, कवडीचंही सांगितलं. मग ते म्हणाले, "बालाजीराव, हे तुमाला तवा म्हाईत होतं?"

"भिंगरीचं होतं."

"मग तवाच का न्हाई सांगितलं?"

तुमच्याकडं तरी याचं उत्तर होतं का?

फोन ठेवण्याआधी ते म्हणाले, "तीन पिल्लं मी लोकायला दिलीत. तुमी या. माझ्यासंगं घरोघर चला. मी एकटा तोंड दाखवणार न्हाई."

गुरुवारी मी उमरीला निघतोय. त्याआधी पाखऱ्याला डॉक्टरांकडं नेऊन नसबंदीचं ऑपरेशन करून आणणार आहे, म्हणजे माझ्या शब्दावर काही अवलंबून राहायला नको. तो घरीच राहील, म्हातारा होईस्तोवर. सुंदीची ती तीन डोळस पिल्लं जिथं आहेत तिथंही जाईन. आणि कवडीच्या पिल्लांची जी जी घरं मामींना आठवतात त्या सगळ्यांना जाऊन सांगेन, की काटा नव्हता.

हे सांगितलं की तुमचं नाव निघणार. मामींना विचारलं मी, सांगू का म्हणून. त्यांनी भिंगरीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "सांग. कितीक वर्स मी बी गप बसले."

तुमच्या नावाला बट्टा लागेल, मामा. माझ्या नावाला त्याहून मोठा लागेल. वचन देतो, तुमचं सांगताना माझंही सांगेन, आणि आधी माझं सांगेन. एवढं आपण मामा-भाचे मिळून सोसू.

तुमचा,
बालाजी