त्याला कळवू नका

बारामती, ८ जुलै, दुपार

आबा, इतक्या वर्षांत तुम्हाला एक ओळही लिहिली नाही, त्याची आधी माफी मागते. डायरीत मी सगळं लिहीत आले. मुलीचे ताप लिहिले, बदल्या लिहिल्या, शेजारणीशी झालेलं भांडणसुद्धा दोन्ही बाजूंनी लिहिलं. तुमच्यापाशी आले की पान उलटून पुढं जायचे. आज उलटता येत नाही. तुमचा मुलगा इथं दवाखान्यात माझ्यासमोर खाटेवर झोपला आहे. शुक्रवारी त्याच्या छातीचं ऑपरेशन आहे, आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की जवळच्या माणसांना बोलावून घ्या. जवळचं माणूस म्हणजे आमची मुलगी. ती लष्कराच्या नर्सिंग कॉलेजात शिकते, इथून दोन दिवसांच्या वाटेवर. तिला अजून काही कळवलेलं नाही. कळवू का म्हटलं की हे एकच सांगतात, "आबांनी मला मागं बोलावलं नव्हतं. मरतानासुद्धा म्हणाले, त्याला कळवू नका. आणि मी पोरीला बोलावू?" पुढं मला बोलता येत नाही, कारण तुमचं ते वाक्य ह्यांना आमच्याकडून मिळालं आहे. तुम्ही ते नेमकं केव्हा बोललात, हे जिवंत माणसांत एकट्या मला माहीत आहे.

हे ट्रेनिंगला गेले त्या श्रावणात मला तिसरा महिना होता. सैन्यभरतीत दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा निवडले गेले, तेव्हा वयाची अट संपायला थोडेच महिने उरले होते. दौंडला जबलपूरच्या गाडीत बसवताना तुम्ही ह्यांना म्हणालात, "माझ्यासंगं मेंढरामागं हिंडला असतास तर पहिल्याच खेपंला घेतला असता तुला." हे हसले, तुम्ही नाही हसलात. परत येताना एस. टी.त आपलं निरवांगी येईपर्यंत तुम्ही खिडकीबाहेर बघत होता. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे त्या दिवसापासून घरात तुम्ही आणि मी, दोघंच. मी बारामतीची, बी. ए. झालेली, आणि भाकरी थापता येत नव्हती. तुम्ही तरुणपणी मेंढरांच्या वाड्यावर वर्षानुवर्षं स्वतः रांधून खाल्लेलं. तुम्हीच चुलीपुढं बसलात आणि पीठ मळून दाखवलंत. "बी. ए.च्या पुस्तकात भाकर न्हवती व्हय गं?" म्हणालात. "पानी एकदम वतू नगं. पीठ मागंल तसं घाल." मी आजही तशीच घालते. एकदा तीन आठवडे पत्र आलं नाही म्हणून मी चुलीपाशी रडत होते, तर तुम्ही रागावलात. "रडायचं न्हाय. पत्र न्हाय म्हंजी पोरगं बरं हाय. वाईट खबर वाट चुकत नसती."

पत्र यायचं ते दोघांना मिळून. तुम्ही हात धुऊन, टोपी घालून ऐकायला बसायचात आणि मी वाचायचे. दुसऱ्या महिन्यात एक पाकीट आलं. ते फक्त मला होतं. ते मला शब्दशः आठवतं, म्हणून लिहिते: 'मला इथे राहवत नाही. रात्रंदिवस शिव्या खातो. एक निमित्त मिळू दे, घरी येईन आणि परत जाणार नाही. आबांना सांगू नकोस.' तुम्ही समोर बसला होता. मी कागद हातात धरून वाचलं की तब्येत चांगली आहे, जेवण भरपूर मिळतं, वजन वाढलं आहे. तुम्ही म्हणालात, "ते वजनाचं वाच की पुन्यांदा." मी पुन्हा वाचलं. जे कागदावर नव्हतंच ते दोन्ही वेळा एका शब्दाचाही फरक न होता तोंडातून आलं. तेव्हा मला पहिल्यांदा स्वतःची भीती वाटली.

दिवाळी झाली आणि एका सकाळी तुम्ही अंगणात उन्हाला बसला असताना मला तुमचे डोळे पिवळे दिसले. शेजारचे तात्या, तुमचे धाकटे भाऊ, त्याच दिवशी पळसदेवला जाऊन काविळीची माळ घेऊन आले. कसल्याशा मुळीचे बारीक तुकडे दोऱ्यात ओवलेले. माळ टोपीसारखी डोक्यावर बसवायची, दिवसागणिक ती सैल होत गळ्यात येते, छातीवर येते, आणि बेंबीपर्यंत उतरली की कावीळ गेली. माझा विश्वास नव्हता. तरी तुम्ही झोपलात की मी दोऱ्यानं माळ मोजायचे. दोन दिवस ती वाढली, मग थांबली. दोऱ्याची खूण तीच राहिली आणि तुमचे तळपायसुद्धा पिवळे झाले. "किती उतरली गं?" तुम्ही विचारायचात, आणि मी चार बोटं जास्त सांगायचे.

त्या दिवसांतली ती दुपार. तुम्ही चुलीपाशी ताकभात खात होता, माळ गळ्यात. मी म्हटलं, "आबा, ह्यांना कळवू का?" तुम्ही घास खाली ठेवलात. "त्याला काय कळवू नगंस. कावीळ हाय, जाईल चार दिसात. उगा बंदूक टाकून पळत यील ते." म्हणजे तुम्ही हे म्हणालात. मी वाक्य रचलेलं नाही. पण म्हणालात ते ताकभात खाताना, बरे होणार अशा खात्रीनं.

पुढच्या आठवड्यात पोट फुगलं, बोलणं तुटायला लागलं. तात्यांनी जीप आणली. कारखान्याचा हंगाम सुरू होता. सणसरच्या पुढं उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती, जीप तिच्यामागं मुंगीसारखी चालली होती आणि तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. बारामतीच्या डॉक्टरांनी तपासून यकृत गेलंय असं सांगितलं. तात्यांच्या उसाला तोड आली होती, ते दुसऱ्या दिवशी परत गेले. वॉर्डात तुमच्यापाशी मी एकटी.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला चांगली शुद्ध आली. पाणी मागितलंत. मग स्वच्छ आवाजात म्हणालात, "पोरी, त्याला बोलव."

"कुणाला, आबा?"

"माझ्या पोराला. एकदा बघू दे मला."

मी म्हटलं, तार करते. पोस्ट जवळच होतं. मी गेले, फॉर्म घेतला, पत्ता लिहिला. खाली 'फादर सीरियस, स्टार्ट इमीजिएटली' इतकंही लिहिलं. खिडकीपाशी माझ्यापुढं दोन माणसं होती. त्यांचं होईपर्यंत मला ते पाकिटातलं पत्र आठवत राहिलं. हे निमित्त शोधतायत आणि ते मी माझ्या हातानं पाठवते आहे. हे येतील, परत जाणार नाहीत, मग पोलीस दारात येतील, गाव भगोडा म्हणेल. एवढाच विचार होता असं मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगितलं. पण ह्यांची निवड झाली त्या उन्हाळ्यात मी एका मैत्रिणीला सांगून बसले होते की आता आम्हाला कुठंतरी शहरात क्वार्टर मिळेल, मी त्या गावातून सुटेन. हेही त्या खिडकीपाशी माझ्याबरोबर उभं होतं. दोन्हीतलं जड कोणतं होतं ते मला आजही तोलता येत नाही. माझा नंबर आला आणि मी फॉर्म घडी करून पर्समध्ये ठेवला.

तुम्ही विचारलंत, "केलीस?"

"केली."

तुम्ही बोटांवर हिशेब केलात. "म्हंजी परवा सांजच्याला यील." आणि वाट बघायला लागलात. आयाबाईला सांगून खाट फिरवून घेतलीत, दार दिसावं म्हणून. परवाची संध्याकाळ आली आणि गेली. उलट तुम्हीच माझी समजूत घातलीत, "दौंडाची गाडी लेट असंल. थंडीत व्हतंय तसं." त्या वेळी तरी मला पोस्टात जाता आलं असतं. उशीर झाला होता, पण जाता आलं असतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पायांचा आवाज आला म्हणून तुम्ही मान उचललीत, तो दुसऱ्या कुणाचा पाहुणा होता. त्यानंतर तासाभरात तुम्ही गेलात.

तात्या धावत आले. तुमच्या पायावर डोकं ठेवलं आणि मग माझ्याकडं बघून म्हणाले, "पोराला तार केली न्हवं? मग कुठं हाय त्यो?"

"नाही केली," मी म्हटलं. "आबाच म्हणाले, त्याला कळवू नका."

"असं म्हनला?"

"हो."

त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "मग न्हाय कळवायचं. थोरल्याचा शबूद हाय. पोरगं शिकून यील, मगच सांगायचं." तुमच्या चितेला तात्यांच्या मुलानं अग्नी दिला. सगळ्या गावाला तात्यांनी ताकीद दिली.

त्यानंतर सहा महिने मी तुम्हाला पत्रांत जिवंत ठेवलं. ह्यांची पत्रं 'तीर्थरूप आबांस' अशी सुरू व्हायची आणि मी तुमच्या रिकाम्या जागेसमोर ती मोठ्यानं वाचायचे, सवयीनं. उत्तरात लिहायचे की आबा बरे आहेत, पाणी द्यायला रानात जातात, तुमची आठवण काढतात. एकदा ह्यांनी विचारलं, आबा शेवटी आपली सही का करत नाहीत? तुमची ती वाकडी सही मी तीन वेळा कागदावर गिरवली आणि चौथ्या वेळी पत्रावर केली. मुलगी झाली तेव्हा लिहिलं, आबा बारामतीला माझ्या माहेरी येऊन नातीला मांडीवर घेऊन बसले, म्हणाले नाक माझ्यावर गेलंय. तुम्ही इतकं सुंदर वागत होता त्या पत्रांत, आणि दर पत्रागणिक ह्यांना तुम्ही आणखी हवेसे होत होता.

हे सुट्टीवर आले ते मे महिन्यात. फाट्यावर एस. टी.तून उतरले, पाठ ताठ, चेहरा रापलेला. तात्या आणि मी उभे होतो, मुलगी माझ्या कडेवर. मुलीला बघून हसले, मग आमच्या मागं बघितलं. "आबा रानात हायती व्हय, तात्या?"

तात्यांनी सांगितलं. हे तिथंच ट्रंकेवर बसले. मग मला विचारलं, "मग हिला मांडीवर कुणी घेतलं होतं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "मीच लिहिलं."

मी इतकं खरं बोलले, तेव्हाच पुढचंही बोलायला हवं होतं. पण तात्या पुढं झाले. "आरं, वाघ व्हता तुझा बा. जीव जाताना म्हनला, माझ्या पोराला मागं फिरवू नगा, त्याचं शिक्षान पुरं हू द्या." मी जे तीन शब्दांत सांगितलं होतं त्याचं त्यांनी प्रेमानं हे केलं होतं. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. "खरं?" मी मान हलवली. आबा, तेवढ्या मान हलवण्यावर तुमचा मुलगा सतरा वर्षं नोकरी करून आला. ट्रेनिंगातून पळून येण्याची भाषा पुन्हा कधी काढली नाही. बर्फात राहिला, जिथं त्याच्या शेजारची माणसं राहिली नाहीत तिथंही राहिला. नव्या पोरांना तो तुमचं वाक्य सांगायचा. हे सगळं खोट्यावर उभं आहे, आणि तरी ते पडलेलं नाही, म्हणून मी गप्प बसत गेले. पडलं तर त्याच्याखाली कोण येईल?

काल मुलीचा फोन आला. ह्यांनी मला हातानं खूण केली. मी म्हटलं, "बाबा रानात गेलेत."

"एवढा वेळ? फोन बरोबर न्यायला सांग की त्यांना, आई. परवापण रानातच होते."

"सांगते."

पुन्हा तसंच, न अडखळता. फोन ठेवल्यावर हे समाधानानं पडून राहिले, आणि आज सकाळी भिंतीकडं बघत मला विचारलं, "तिला रविवारी सुट्टी असते ना गं?" बाकी काही नाही. बोलाव म्हणाले नाहीत. तुम्ही निदान म्हणाला होतात. ह्यांना मी म्हणण्याची वाटच ठेवलेली नाही.

सकाळपासून माझ्या मनात उलटसुलट चाललंय. ह्यांना न विचारता मुलीला फोन करता येईल. पण मग ती दारात उभी राहिली की हे समजतील, मी आबांचा शब्द मोडला, आणि तो अपमान घेऊन ऑपरेशनला जातील. खरं सांगावं, तर कळेल की बाप दाराकडं बघत गेला आणि आपल्याला कुणी बोलावलं नाही. त्या छातीला हे सोसेल का? डॉक्टरांना कसं विचारू? आणि सांगितलं नाही आणि शुक्रवारी काही झालं, तर मुलीला मी काय सांगणार, बाबाच म्हणाले कळवू नका? हे वाक्य दुसऱ्यांदा माझ्या तोंडून आलं तर त्यापुढं मला स्वतःचं काहीच खरं वाटणार नाही.

हे पत्र कुठं जाणार नाही, तेव्हा एक राहिलेलं लिहून टाकते. तुमची मान खाली गेली तेव्हा मी रडले, लोकांनी पाहिलं. पण रडण्याच्या आधी, अगदी क्षणभर, मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आता तार करू की नको हे ठरवायला नको, असं. हे मी कुठल्याही डायरीत लिहिलेलं नाही.

ह्यांना जाग येते आहे. थांबते.

उद्या : डॉक्टरांची फेरी व्हायच्या आधी ह्यांना सांगणे, आबांनी बोलावलं होतं.