विहिरीचं वय

सोमवार, ३ फेब्रुवारी
बाटलीत चिमूटभर धुण्याचा सोडा. कुणी बघितलं नाही.

माडीवरचे भाडेकरू — वन्सं त्यांना 'दगडोबा' म्हणतात — या भागातल्या विहिरींचं पाणी तपासत हिंडतात. आमच्या लाँड्रीची विहीर शेवटची. काल म्हणाले, "तुमची विहीर शहाणी आहे. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सगळं जिथल्या तिथं. उद्या एक बाटली भरून द्या, की काम संपलं. मग खोली सोडतो."

शहाणी म्हणे! बघते कशी शहाणी राहते ती.

बुधवार, ५ फेब्रुवारी
दगडोबा जिन्यावरून धडधडत खाली. सोडियम वाढलंय! मी इस्त्रीवरून मान वर न करता, "अगंबाई, मग आता?"

मग आता काय — पुन्हा बाटली. आणि स्टुलावर बसून समजावणं. पावसाचं पाणी मातीतून मुरताना जरासं आंबट होतं आणि या काळ्या दगडाला कुरतडतं. ज्वालामुखीचा दगड, दिसायला राकट, पण पाण्यापुढे हळूहळू विरतो. आधी कॅल्शियम सोडतो. तेच पाणी खोल जाऊन वर्षानुवर्षं बसून राहिलं, की कॅल्शियम तिथल्या चिकणमातीला देतं आणि बदल्यात सोडियम घेतं.

"म्हणजे तुमच्या विहिरीत कुठून तरी फार म्हातारं पाणी येतंय."
"म्हातारं म्हणजे किती?"
"आपल्याहून थोरलं."

'आपल्याहून' म्हणाले. मी ऐकलं नीट.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
अर्धा चमचा.

रविवार, ९ फेब्रुवारी
आज चहाला बसले ते उठेचनात. ते गेल्यावर वन्सं कपड्यांच्या घड्या घालत म्हणाल्या, "वहिनी, सोडा फार लवकर संपतोय. धुणं तर तेवढंच आहे."
म्हटलं, चादरी मळक्या येताहेत.
हातातली घडी चळतीवर ठेवली. मग म्हणाल्या, "येऊ देत. दादाला जाऊन किती वर्षं झाली. येऊ देत."
त्या चादरींबद्दल बोलत नव्हत्या. मी पदरानं चष्मा पुसत बसले.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
घात झाला. पुढच्या आठवड्यात दगडोबा वरिष्ठांपुढे आमच्या विहिरीवर बोलणार! नकाशा दाखवला. विहिरीखाली दगडात खोल भेग, तिच्यातून म्हातारं पाणी वर येतंय. भेग निळ्या पेन्सिलीनं रंगवलीय — किती हौसेनं. आणि ती भेग म्हणजे माझा चमचा.

चार लोकांत हसं होईल बिचाऱ्यांचं. सांगायला तोंड उघडलं आणि "साखर हवी का" एवढंच बाहेर पडलं.

"आणखी एक बाटली द्या," म्हणाले. "खात्रीसाठी."

बुधवार, १२ फेब्रुवारी
बाटली पुन्हा पुन्हा विसळली. नुसतं पाणी भरलं. त्यांच्या फजितीपेक्षा रिकामी खोली परवडली. आकडा जागेवर येईल, नकाशा फाडतील, सामान बांधतील. दिवसभर एकच शर्ट इस्त्री करत होते. शेवटी वन्संनी हातातून काढून घेतला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
दगडोबा सावकाश उतरले. हातात नकाशा नव्हता. बैठकीत दुसऱ्याच विहिरीवर बोलणार म्हणाले. मग स्टूल इस्त्रीच्या टेबलाजवळ ओढलं. चेहरा अगदी गंभीर.

"कालच्या बाटलीत सोडियम फारच चढलंय," म्हणाले. "मला वाटतं, वर्षभर तरी इथंच राहावं लागेल."