हात दे

८ जुलै २०२५, मंगळवार
हात दिला! प्रतिक्षानं हात दिला — मिठूला!

सात वर्षांची पोर माझी. कुणी नुसतं बोट धरलं तरी स्वतःचं मनगट चावून घेते. ऑटिझम हा शब्द डॉक्टरांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला त्याला चार वर्षं झाली. आणि आज बारामतीच्या उपचार केंद्रात त्या गुडघ्याएवढ्या पांढऱ्या रोबोटनं ‘हात दे’ म्हटलं, अन् हिनं तीन बोटं पुढं केली. मिठूच्या छातीवरचा दिवा हिरवा झाला. ‘छान!’ म्हणाला. तिथं शिकवणाऱ्या रश्मी मॅडमनी काचेपलीकडून टाळ्या वाजवल्या.

घरी शेळगावला येईपर्यंत एसटीत तोंडाला ओढणी लावून रडले.

२५ जुलै, शुक्रवार
आता घरातही हात देते. आधी तिच्या बाबाला, रविराजला, मग सासूबाईंना. त्या म्हणाल्या, ‘यंत्रानं शिकिवलं म्हनायचं!’ आणि डोळे पुसले.

मला सगळ्यांत शेवटी दिला. लिहायला लाज वाटते, पण त्या प्लॅस्टिकचा राग येतो.

१२ ऑगस्ट, मंगळवार
‘चल’ शिकवतायत. हात दिला, चालली, की ‘छान!’ मॅडमच्या तक्त्यात आज वीसपैकी एकोणीस. मीच पेढे नेले.

२१ ऑगस्ट, गुरुवार
लिहवत नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
काल इंदापूरला गेले होते, अपंगत्वाच्या दाखल्यासाठी. स्टँडसमोर झेरॉक्सवाल्याला कागद दिले, वळले — प्रतिक्षा नाही!

चाळीस मिनिटं. ती हाकेला ओ देत नाही, माहीत आहे. तरी ओरडत होते.

स्टँडमागं भाजी विकणाऱ्या तानूबाईंपाशी सापडली. एक माणूस हिला हाताला धरून मोटारसायकलकडं नेत होता. तानूबाईंनी हटकलं, ‘कुनाची रं पोर?’ तो चालतच राहिला. ‘नाव सांग तिचं!’ म्हटल्यावर हात सोडला आणि गाडीवरून पळाला.

‘रडत बी न्हवती वो ताई. त्यो चल म्हनला तशी चालली. मला आधी वाटलं, त्याचीच हाय.’

पोलिसांनी लिहून घेतलं. गाडीचा नंबर कुणी पाहिला नाही.

प्रतिक्षाला छातीशी धरलं. ती माझ्या खांद्यावरून समोर बघत म्हणाली, ‘छान.’

२६ ऑगस्ट, मंगळवार
रश्मी मॅडमना विचारलं, ‘मिठू ‘नाही’ म्हणायला शिकवतो का?’

‘तसा पाठ नाहीये, योगिनीताई. मिठूवरचा हा संशोधनाचा अभ्यास डिसेंबरपर्यंत चालणार. मधेच बदल करता येत नाही.’ मग समोरचा तक्ता मिटून ठेवला. शेवटी हळूच म्हणाल्या, ‘आमच्या लक्षातच आलं नाही हो.’

माझ्या तरी कुठं आलं? पेढे वाटले मी!

घरी रविराज म्हणाला, ‘बंद नको करू. पहिल्यांदाच पोर माणसांत आलीय.’
‘कुठल्या माणसांत?’ मी म्हणाले.
जेवला नाही.

केंद्रात नेणं बंद केलं. मीच शिकवणार.

९ सप्टेंबर, मंगळवार
मी हात पुढं करते. ‘चल. — नाही म्हण.’
‘नाही म्हण,’ असं तीही म्हणते. आणि हात देते.
दिवसाला पन्नास वेळा.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
शेजारच्या सर्जेरावांना अनोळखी माणूस व्हायला सांगितलं. ते दारात उभे राहून ‘चल बाळा’ म्हणाले. निघाली! चपलासुद्धा घातल्या नाहीत.

सर्जेरावांनीच तिला मागं फिरवलं. ‘मला न्हाय जमायचं हे, सूनबाई.’

३ ऑक्टोबर, शुक्रवार
पुन्हा मनगट चावतेय. आज रक्त आलं. सासूबाई ओरडल्या, ‘पुरं कर आता! लेकराचा जीव घेतीस व्हय?’

हळद लावली. पट्टी बांधली. संध्याकाळी पुन्हा बसवलं. मी वाईट आहे का, माहीत नाही. थांबणार नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
‘नाही!’

सकाळी शाळेला निघताना म्हणाली. स्पष्ट, मोठ्यांदा. दोन्ही हात पाठीमागं लपवले. रविराजला नाही. आजीला नाही. मलाही नाही.

रस्ता ओलांडायचा होता. हात धरू दिला नाही. ती पुढं, मी दोन पावलं मागं — शाळेपर्यंत तशीच गेले.