टाकीला दिवसातून दोनदा ब्रश

२ जून, सकाळ
डॉक्टरांनी वेटिंग रूममध्ये खाऱ्या पाण्याची नवी टाकी बसवली. दोन नारिंगी मासे. देखभाल माझ्याकडे. महिनाअखेर टाकी चकाचक दिसली तर माझी नोकरी कायम. म्हणजे झालीच म्हणायची. घरी ताईला सांगूनही टाकलं.

९ जून
वाळूवर आणि काचेवर तपकिरी थर. लगेच ओळखला. दातांवर चढतो तोच. दंतवैद्याकडे कामाला आहे, एवढं कळतं. उपाय : दिवसातून दोनदा ब्रश. कपाटात सॅम्पलचे मऊ ब्रश पडून आहेत. पेस्ट लावणार नाही. अडाणी नाही मी.

११ जून
घासलं की पाणी चहासारखं. संध्याकाळी थर परत जागेवर, वर थोडा जास्तच. टाकी विकणाऱ्या मासेवाल्याला फोन केला. म्हणाला, राजा, ते शेवाळ आहे, डायटम म्हणतात, नव्या टाकीत येतंच. नळाचं पाणी घालू नको, खाणं कमी टाक आणि हात खिशात ठेव, आपोआप जाईल. आपोआप जाणार तर मला पगार कशाचा?

१४ जून
ब्रश झाल्यावर चूळ हवीच. म्हणून टाकीत नळाचं पाणी घातलं. जेमतेम बादलीभर. मासेवाल्याला कळवण्यासारखं काही नाही.

१८ जून
एका आजोबांनी विचारलं, यात कॉफी कुणी सांडली? नर्सबाई म्हणाल्या, सांडली नाही काका, हा वाळूचं रूट कॅनल करतोय. हसू देत.
मासे ब्रश बघून दगडामागे पळतात. पेशंटही पळतात. मनाला लावून घेत नाही.

२३ जून
डावी दाढ ठणकतेय. सकाळी घाईत माझे दात घासायचे राहिले. टाकीचे नाही.

२४ जून
गाल चेंडूएवढा. डॉक्टरांनी खुर्चीत बसवलं, तोंडात डोकावून विचारलं, ब्रश कधी केला होतास? मी म्हटलं, रोज दोनदा करतो. टाकीचं सांगितलं हे नंतर लक्षात आलं. दाढ गेली. मला घरी पाठवलं.

३० जून
कामावर परत. वाळू पांढरीशुभ्र, काच आरशासारखी, मासे मजेत फिरतायत. नर्सबाई म्हणाल्या, चिमूटभर खाणं टाकलं, बाकी कुणी हात लावला नाही. म्हणजे माझी मेहनत उशिरा लागू पडली. डॉक्टरांना तसं समजावून सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि नोकरी कायम केली. अट एकच, टाकीजवळ फिरकायचं नाही. माझं टेबल समोरच्या भिंतीला हलवलंय. ताईला अट सांगितली नाही. कायम ते कायम.

दुपारी सवयीने खिशातला ब्रश काढून टेबलावर ठेवला. मासे दगडामागे गेले.