सहाशे चाळीस

१२ मार्च, जालना
टेस्ट १४ चा निकाल. ७२० पैकी ६४०. क्लासच्या फळ्यावर माझं नाव सगळ्यात वर. गेल्या साली नीटला ३१० आले होते, म्हणून तर याच क्लासला हे दुसरं वर्ष. सर म्हणाले, "आपल्या टेस्टमधी अन् नीटमधी दहा-वीस मार्कांचा फरक. लिहून घे." घेतलं लिहून. होस्टेलवरून अण्णांना फोन केला. म्हणाले, "जेवलीस का?"

२३ मार्च, तीर्थपुरी
घरी आले. स्टँडसमोर फ्लेक्स! माझा दहावीतला फोटो, 'भावी डॉक्टर', खाली ठळक ६४०. ते क्लासच्या टेस्टचे आहेत हे कुठंच नाही. अण्णांच्या मित्रमंडळाचा उद्योग. मी चिडले. अण्णा: "मार्क खोटे हायत का? न्हाई ना? मंग?" खरं तर बरंच वाटलं होतं. परत जाताना एसटीतून मान वळवून पाहिला.

९ एप्रिल, जालना
टेस्ट १७. ६३८. बायोत पानाची आकृती उलटी छापलेली. पाहिल्यासारखी वाटली. असो.

४ मे
नीट झाली. फिजिक्सचा पहिला प्रश्न वाचला, काही आठवेना. दुसरा, तिसरा, तेच. मी सोडवत नव्हते, आठवत बसले होते. सेंटरबाहेर अण्णा रसवंतीजवळ उभे. "कसा गेला?" म्हटलं, बरा गेला. रस पिववेना.

६ मे, तीर्थपुरी
माळ्यावरून गेल्या वर्षीची फाइल काढली. टेस्ट १४ तीच. १७ पण तीच, उलट्या पानासकट. वरचं साल तेवढं बदललेलं. म्हणजे आम्हा रिपीटर पोरींना पाठ झालेले पेपर द्यायचे, मार्क फळ्यावर लिहायचे आणि नव्या पोरींना म्हणायचं, बघा, आमच्याकडे असा फरक पडतो. फसवलं मला. वर्ष गेलं माझं.
एवढं लिहून थांबले होते. पण खरं तेही लिहायला पाहिजे. मार्चमध्येच कळलं होतं. प्रश्न अर्धा वाचायच्या आत उत्तर समोर यायचं. गप्प बसले. फळ्यावरचं नाव आवडत होतं.

१४ जून
नीटला ३१८. वर्षभरात आठ मार्क.
सरांना फोन लावला. "टेन्शन घेतलं तू. टेस्टमधी तर बिलकुल बराबर होतीस." जुन्या फाइलचं सांगितलं. म्हणाले, "मंग तवाच बोलायचं होतं की." फोन ठेवला आणि रडले. त्या माणसाकडून हे ऐकावं लागलं, याचाच संताप जास्त.

१७ जून
अण्णांनी स्वतः जाऊन फ्लेक्स उतरवला. कडब्यावर अंथरला, माझा चेहरा आतल्या बाजूला करून. वर चार दगड.

२५ जून
क्लासचं नवं माहितीपत्रक आलं. पहिल्याच पानावर मी. ६४०. इथंही ते कशाचे मार्क ते नाही.
सोबत प्रवेशाचा फॉर्म, पल्लवीसाठी. धाकटीची दहावी झाली ना आता. अण्णा म्हणाले, "तुझं त्या दिवशी जमलं न्हाई, जाऊ दे. पण तिथं ६४० काढलेच ना तू? टेस्ट बराबर घेतात न्हाई का ते?"
फाइल त्यांनी अजून पाहिलेली नाही. दाखवली तर सर खोटे ठरतील. आणि अण्णा विचारतील, तुला कवा कळलं?
पल्लवी पेन उघडून माझ्याकडं बघत होती.
"थांबा, एक वस्तू आणते," म्हणून आत आले. फाइल मांडीवर आहे. ती दोघं ओसरीवर वाट बघून राह्यलीत आणि मी हे लिहीत बसलेय. पल्लवीनं दोनदा हाक मारली.